नवा कोर्स आणि आमची जुनी लॅब

आमच्या लॅबमधे कुठलीही वस्तू फेकायची पद्धत नव्हती. तडा गेलेला फ्लास्क, काटा नसलेला मीटर, एक पाय मोडलेला स्टँड, सगळं कपाटावर चढायचं. "राहू द्या, लागेल कधीतरी." किस्स्यांचंही तेच झालं. मुद्दाम कोणी जमवले नाहीत, पण फेकलेही नाहीत! आता मी रिटायर होऊन राजेंद्र नगरात बसलेय, आणि कोणी चहाला आलं की एखादा खाली काढते.

परवा शेजारची सीमा आली. हल्लीच एका शाळेत सायन्स शिकवायला लागलीय. कपाळाला हात लावून बसली. "काकू, कोर्स बदलला, पेपरचा पॅटर्न बदलला, इतकं टेंशन आहे ना! तुमच्या वेळेस बरं होतं."

मी म्हटलं, "बरं होतं? बाई, तू बस. चहा मी टाकते."

*

आमची शाळा मिलच्या भागात. संस्था मराठी, शिकवणं हिंदीतून, आणि स्टाफरूममधली भांडणं दोन्हींतून. विज्ञान विभाग म्हणजे आम्ही चौघं. पळशीकर सर विभागप्रमुख, फिजिक्सवाले. जन्मात खोटं बोलले नसतील, आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत, ही खरी अडचण! केमिस्ट्रीचे कोठारी सर मल्हारगंजचे जैन, पण लहानपणापासून मराठी शेजारात वाढलेले, त्यामुळे आमच्यापेक्षा फर्राटेदार मराठी बोलायचे. लॅब सांभाळायला मांगीलालजी, तिथेच केस पांढरे झालेले. आणि बायोलॉजीला मी, दिघे मॅडम.

ते दिवस म्हणजे कापडाच्या मिल्स एकामागून एक बंद पडायचे दिवस. पेपरात रोज यायचं की देशाची दारं उघडली, आता बाहेरचा माल येणार, बाहेरचा पैसा येणार. इकडे आमच्या पोरांच्या बापांना गेटावर कुलूप दिसायचं. त्यातच बोर्डाचं पत्र आलं: अकरावी-बारावीचा कोर्स नवा, प्रॅक्टिकल नवं, पेपरची पद्धत नवी. आणि ज्या शाळेला विज्ञान शाखा ठेवायची असेल तिची लॅब पाहायला माणसं येणार. पसंत पडली तर मान्यता, नाही तर पुढच्या वर्षापासून फक्त आर्ट्स आणि कॉमर्स!

आता सायन्सची दुसरी शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलं गेली असती सायकली हाणत. पण मिल बंद पडलेल्या घरातून पोरीला रोज दोन बसा बदलून कोण पाठवतंय? आमची शाखा गेली की त्या पोरींचं सायन्स तिथंच संपलं. हे आम्हाला चौघांनाही पक्कं माहीत होतं. म्हणून मग पुढचा सगळा तमाशा झाला.

*

नव्या सिलॅबसची पुस्तिका आली एक. आम्ही तीन. पळशीकर सरांनी न्याय केला. ब्लेड घेतलं, पट्टी लावली, आणि पुस्तिकेचे नीट तीन तुकडे करून ज्याचा त्याला दिला. कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असतो, हे बहुधा फिजिक्समधे येत नसावं!

झालं असं, की केमिस्ट्रीचा शेवटचा धडा आणि बायोलॉजीचा पहिला धडा एकाच पानावर पाठीला पाठ लावून होते. पान आलं माझ्याकडे. कोठारी सर बिचारे धडा तयार करायला बसले की माझ्या दारात. "मॅडम, जरा बेन्झिन मिळेल का?" मी म्हणायची, "उद्या. आज माझं झुरळ व्हायचंय."

"उतरवून घ्या ना हो," म्हटलं, तर म्हणायचे, "उतरवायला बसलो की तुम्ही मागता!" खोटं नाही, मी मागायची.

मधे मी चार दिवस रजेवर होते. दुपारी मांगीलालजी सायकलवर घरी हजर. हातात चिठ्ठी. मी आंघोळीला गेलेली, म्हणून चिठ्ठी सासूबाईंनी घेतली आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचली.

"मॅडम, तुमच्या झुरळाचं पचन आटोपलं असेल तर माझं बेन्झिन पाठवून द्यावे."

मी बाहेर आले तर सासूबाई माझा डबा उघडून वास घेत होत्या. म्हणाल्या, "शैला, तुम्ही लोक शाळेत खाता तरी काय?"

*

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरांचं ट्रेनिंग लागलं. पत्र्याचं छप्पर, एक पंखा, आणि तीन-तीन मास्तर एका बाकावर. शिकवायला आलेला तरुण मुलगा आमच्यापैकी निम्म्यांचा विद्यार्थी निघाला. पहिल्या दिवशी तो सगळ्यांच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं परीक्षा घेतली!

नव्या पद्धतीचा पेपर. चार उत्तरं दिलेली, त्यातलं बरोबर त्याला खूण करायची. आम्ही पानंच्या पानं लिहायला शिकलेली माणसं. नुसती खूण करायची म्हटल्यावर उत्तर संपल्यासारखंच वाटेना. मधे पळशीकर सर, त्यांच्या डावीकडे मी, उजवीकडे कोठारी सर. फिजिक्सच्या नव्या भागातल्या एका प्रश्नाला माझं डोकं चालेना. चालायचं कारणही नव्हतं. डोळे मिटले आणि 'क' वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पेपर घेऊन आला. लाजतच म्हणाला, "इस बेंच के तीनों सर-मॅडम का उत्तर एक जैसा गलत है. बाकी किसी का 'क' नहीं है."

अख्खी खोली आमच्याकडे बघायला लागली. पळशीकर सरांनी तीस वर्षांत किती पोरांना कॉपी करताना पकडलं असेल त्याला गणती नाही. ते हळूच उभे राहिले. कोठारी सर त्यांची पँट ओढतायत, "बसा ना भिया, काय करताय!" पण सर ऐकतात होय!

"कोठारींनी माझं बघून लिहिलं," सर म्हणाले. "आणि मी मॅडमचं बघून."

तो मुलगा माझ्याकडे वळला. "मॅडम, आपने?"

मी म्हटलं, "मैंने भगवान का देखके लिखा."

*

हसण्यावारी गेलं ते, पण पळशीकर सरांच्या मनात काटा राहिला. नव्या कोर्सात इलेक्ट्रॉनिक्स होतं. डायोड, ट्रान्झिस्टर, असलं सगळं. सर जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर शिकलेले. रिटायर व्हायला दोन वर्षं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, दोन वर्षं काढू कशीतरी.

एकदा मी मल्हारगंजात साडीला फॉल लावायला टाकून येत होते. गल्लीत एक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बघते तर काय, आमचे विभागप्रमुख बाहेर स्टुलावर बसलेले, गुडघ्यावर रुमाल, हातात तारा डाखायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न! समोर दुकानदार, राजू यादव. ह्या राजूला सरांनी फिजिक्समधे दोनदा नापास केला होता. तिसऱ्यांदा तो बसलाच नाही, सरळ दुकान टाकलं.

मी खांबाआड उभी राहिले. असले प्रसंग सोडायचे नसतात.

सरांनी जोड लावला. राजूनं फुंकर मारून पाहिलं आणि चिमट्यानं उपटून टाकला. "नहीं सर. फिर से." सरांनी पुन्हा लावला. पुन्हा उपटला. चौथ्यांदा सर घाम पुसत म्हणाले, "राजू, अरे नियम तर मी सगळा पाठ केलाय."

राजूनं इतक्या प्रेमानं उत्तर दिलं! म्हणाला, "वोई तो गड़बड़ है सर. रट लेने से नहीं होता. आप ही तो मारते थे इस बात पे."

सरांनी गुडघ्यावरचा रुमाल नीट केला. पाचवा जोड लावला. तो टिकला. राजूनं दुकानातल्या गिऱ्हाइकाला अभिमानानं दाखवला, "देखो, अपने सर ने लगाया."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे मी काही बोलले नाही. नुसतं एवढंच विचारलं, "काय सर, बोटाला भाजलं वाटतं?" तर म्हणाले, "हो. पास झालो."

*

आता साळवेंचं सांगते. हा जरा लांब आहे, चहा घे अजून.

एके दिवशी सकाळी सव्वासातला मी पोचले तर लॅबच्या दाराशी एक माणूस डबा घेऊन उभा. खाकी शर्ट इस्त्रीचा. अनिता साळवेचे वडील, मिलमधे फिटर. म्हणजे होते. अनिता दहावीत, माझी लाडकी. पहिल्यापासून एकच, "मॅडम, मी बायोलॉजी घेणार." साळवेंचे आजोबा महूच्या पलटणीत होते, म्हणून की काय, ताठ उभं राहायची पद्धत त्या घरात सगळ्यांचीच होती.

"सर, पुढच्या वर्षी इथे सायन्स राहील ना?" साळवेंनी विचारलं.

दुसऱ्या कोणी "राहील हो" म्हणून वाटेला लावलं असतं. पण विचारलं पळशीकर सरांना! सर म्हणाले, "सांगता येत नाही. बोर्डाच्या यादीत बारा ऑप्टिकल बेंच मागितलेत. आमच्याकडे दोन आहेत, त्यातला एक वाकडा."

ऑप्टिकल बेंच म्हणजे लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर सरकणारे खांब, खांबांवर भिंग आणि सुया. साळवेंनी वाकडा बेंच उचलला, एक डोळा मिटून त्याच्या कडेनं पाहिलं आणि म्हणाले, "हे तर लोखंडच आहे."

"मग काय असणार?"

"नाही, मला वाटलं सायन्स आहे."

दुसऱ्या दिवसापासून साळवे रोज सातला हजर. शाळेच्या गोदामात मोडक्या बाकांचं, कपाटांचं लोखंड पडलेलं होतं, त्यातून बेंच करायला लागले. मी एकदा म्हटलं, "साळवेजी, इतक्या लवकर कशाला येता? दहाला या, आरामात." तर कानस थांबवून म्हणाले, "मॅडम, पंचवीस वर्षं सातची पाळी केली. आता घरी बसलो की बायको काही बोलत नाही. ते ऐकवत नाही." मी आपली निमूट झुरळांच्या बरण्या पुसायला लागले.

पहिल्या दिवशी साडेतीन वाजले तसे त्यांनी हात धुतले, डबा उचलला, आणि दारात उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मांगीलालजी म्हणाले, "कंई हुयो भई?" साळवे ओशाळून म्हणाले, "भोंग्याची वाट बघत होतो."

त्या दिवसापासून पळशीकर सरांनी शाळेच्या टाइमटेबलमधे नसलेली एक घंटा चालू केली. रोज साडेतीनला, एक टोल. पोरांना वाटायचं, सर विसरले!

एकदा मात्र साळवे पळशीकर सरांवर भडकले. झालं काय, एका खांबावर ते सकाळपासून कानस चालवत होते. सरांना दया आली. म्हणाले, "पुरे हो आता. अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे चालेल. शाळेचं सामान आहे."

साळवेंनी कानस खाली ठेवली. "सर, अर्धा मिलीमीटर चालवून घेतला असता तर मिल चालली असती का?"

आता ह्यावर गप्प बसावं की नाही? पण कोठारी सरांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, तुम्ही नाही चालवला, तरी बंद पडलीच की!"

कोठारी सरांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता साळवे डबा उचलून चालले. पण सगळ्यांत आधी तेच हसले.

"पडली ना!" म्हणाले. "पण फिटर खात्यामुळे नाही पडली!"

*

बायोलॉजीचीही तयारी चालूच होती. दाखवायला म्हणून मी सहा बेडूक मागवून ठेवले होते, टबात, वर जाळी. सकाळी बघते तर टब रिकामा. जाळी जशीच्या तशी, वर वीटसुद्धा ठेवलेली. बेडूक काही वीट परत ठेवून जात नाहीत!

शेजारची लॅब कोठारी सरांची. जाऊन उभी राहिले. ते टेस्ट ट्यूब धूत होते. एकच टेस्ट ट्यूब, मी बघत होते तोवर चार वेळा धुतली.

"कोठारी सर, माझे बेडूक?"

"मॅडम," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मी त्यांच्याशी बोललो. परीक्षेची तयारी झालेली नव्हती त्यांची."

*

आणि मग मांगीलालजींनी आम्हाला जवळजवळ संपवलंच.

बोर्डाची माणसं यायला तीन दिवस. मांगीलालजींना वाटलं, आपणही काहीतरी करून दाखवावं. सगळे वर्गावर असताना त्यांनी केमिस्ट्रीच्या लॅबमधल्या झाडून सगळ्या बाटल्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या. घासल्या. पुसल्या. ओळीनं लावल्या. बाटल्या अशा चमकत होत्या की विचारू नका!

कोठारी सर तास संपवून आले. दारातच थांबले.

"मांगीलालजी. लेबलं कुठायत?"

"वो तो साब, मैली थी. निकल गी."

कोठारी सर मटकन स्टुलावर बसले. शंभरावर बाटल्या, एकीवर चिठ्ठी नाही. निम्म्यांत पांढरी पूड. आमची एम.एस्सी. झालेली माणसं एकमेकांकडे बघतायत.

मग काय, वर्ग सोडून दिले, दिवे पेटवले, टेस्ट ट्यूब काढल्या. पोरांना वर्षानुवर्षं जे करायला लावलं ते कोठारी सर स्वतः करायला बसले. ही पूड कुठली, ती पूड कुठली. पहिलीला पाऊण तास लागला. "अमोनियम क्लोराइड!" सर विजयानं म्हणाले.

मांगीलालजी मागून हळूच म्हणाले, "हां साब. जिकी गर्दन पे टवको हे, वा अमोनियम क्लोराइड हे."

कोठारी सर वळले. "तुम्हाला माहितीये?"

"सब मालम हे. म्हने तो पूछ्यो ई नी."

कोणाच्या तळाला बुडबुडा, कोणाचं बूच घट्ट, कोणाची काच हिरवट. म्हातारा धडाधड सांगत गेला. कोठारी सरांचा विश्वास बसेना, त्यांनी दर दहा बाटल्यांमागे एक तपासली. एकदाच दोघांचं जमलं नाही. सरांनी पुन्हा तपासली. मांगीलालजी बरोबर!

राहिली शेवटची एक बाटली. पांढरी पूड. मांगीलालजींनी हात वर केले. कोठारी सरांनी पाण्यात टाकली तर फसफसून वर आली. सगळे प्रयोग झाले, वास घेऊन झाला, पुस्तक काढलं. कशातच बसेना. कोठारी सर डोकं धरून बसले होते तेवढ्यात पळशीकर सर आत आले.

"अरे वा," म्हणाले, "माझं ॲसिडिटीचं चूर्ण सापडलं वाटतं!"

*

आता शेवटचं सांगते, आणि मग तू तुझ्या कोर्सकडे बघ.

जुने दोन, वाकडा सरळ करून, आणि साळवेंचे दहा, असे बारा बेंच तयार होते. पण आमच्या स्टॉक रजिस्टरमधे एक रकाना असतो, 'फर्म का नाम'. वस्तू कुठल्या कंपनीची. बारापैकी दहांच्या पुढे तो रिकामा! प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "अहो, कोणाचं तरी नाव टाका." कोठारी सर म्हणाले, "माझा मावसभाऊ सायंटिफिकचं दुकान चालवतो, तो लिहून देईल, घरचं काम आहे." पळशीकर सर म्हणाले, "नाही."

मी भांडले त्यांच्याशी. खरंच भांडले. "सर, तुमच्या खरेपणापायी इतक्या पोरींचं सायन्स जाईल! अनितानं काय करायचं? शिवण शिकायचं?"

सर म्हणाले, "मॅडम, त्या माणसाची मिल गेली. आता त्याचं कामही दुसऱ्याच्या नावावर करू?"

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. बरोबर तेच होते हे कळत होतं, म्हणून जास्तच राग आला होता.

तो दिवस उजाडला. बोर्डाकडून दोघं आले, एक हसणारे आणि एक न हसणारे. रजिस्टर अर्थातच न हसणाऱ्यांच्या हातात. लॅब चालती दाखवायची म्हणून पुढच्या वर्षी सायन्स घेणारी दहावीची काही मुलं नवे प्रयोग करत होती. अनिता तिसऱ्या बेंचवर, भिंगाचं नाभीय अंतर काढत होती. साळवे इस्त्रीचा खाकी शर्ट घालून मागे भिंतीला लागून उभे होते. मी माझ्या जागी उभी, तोंडावर हसू.

साहेबांनी बोट रकान्यावर ठेवलं. "दस बेंच. फर्म?"

पळशीकर सरांनी तोंड उघडलं, पण त्याआधी मागून आवाज आला. "मैंने बनाए हैं, साहब."

"आप किस फर्म से हैं?"

साळवेंनी मिलचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "बंद हो गई."

साहेब सरांकडे वळले. "बिना फर्म का सामान हम कैसे मान लें? इसकी शुद्धता की गारंटी कौन देगा?" आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

रजिस्टर मिटल्याचा तो आवाज! मला वाटलं, संपलं. कोठारी सर खिडकीबाहेर बघायला लागले. पळशीकर सर मात्र तसेच उभे, मान खाली नाही, काही नाही. साळवे पोरीकडे बघत होते.

अनिता आपली भिंग सरकवतच होती. साहेब जाता जाता तिच्या टेबलाशी थांबले. तिची वही वाकून पाहिली आणि भुवई चढवली. आता ह्या प्रयोगात एक गंमत असते. पट्टीवर दिसणारं अंतर आणि सुयांमधलं खरं अंतर ह्यांत प्रत्येक बेंचला थोडा फरक येतोच. कंपनीचा असला तरी येतो, मिलीमीटर-दोन मिलीमीटर. तो आधी मोजायचा आणि उत्तरातून वजा करायचा. सगळ्या शाळांतली सगळी पोरं काहीतरी आकडा लिहितातच, कित्येक तर न मोजताच लिहितात.

अनितानं तिथे शून्य लिहिलं होतं.

"शून्य?" साहेब म्हणाले. "बेंच की त्रुटि शून्य होती है कहीं? नापी थी, या यूँ ही लिख दिया?"

"नापी थी सर. तीन बार."

"तो फिर से नापो."

"नापती हूँ सर," अनिता म्हणाली, "लेकिन बेंच की नहीं आती. जो आती है, मेरी आती है."

इतकं सरळ म्हणाली ती. उर्मटपणा नाही, काही नाही. बापाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. साहेबांना कुठे माहीत होतं ती कोणाची कोण!

साहेबांनी खिशातून चष्मा काढला. बाही दुमडली. ठरलेल्या लांबीची मोजायची सळई स्वतः हातात घेतली, दोन्ही सुया तिच्या टोकांना टेकवल्या, पट्टी वाचली. मग सळई उलटी धरून पुन्हा वाचली. मग शेजारच्या बेंचवर गेले. मग त्याच्या शेजारच्या. हसणारे साहेब दोनदा घड्याळ बघून झाले. असे दहाच्या दहा बेंच मोजले.

दहावा झाल्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं, पेनचं टोपण काढलं आणि भिंतीशी उभ्या साळवेंकडे बघून विचारलं, "पूरा नाम बोलिए."

साळवे ताठ झाले. "भीमराव तुळशीराम साळवे. फिटर."

साहेबांनी ते फर्मच्या रकान्यात लिहिलं, दहा वेळा, दर वेळी 'फिटर'सकट. आणि खाली सही केली.